२३ नको, ३५ही नको: पहिल्या रोड बाइकसाठी टायर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, वजन ६८ किलो. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली ॲल्युमिनियम फ्रेमची, रिम ब्रेकची रोड बाइक, तिला कंपनीतूनच आलेले ७००×२५चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे टायर. आठवड्यातून तीन दिवस कोथरूड ते खडकवासला, रविवारी पानशेतचा रस्ता किंवा सिंहगडाचा पायथा. गेल्या महिन्यात चार पंक्चर. दुकानदार म्हणतो, २३चा रेसिंग टायर घाला, सायकल पळेल. ग्रुपमधले म्हणतात, हायब्रिडचे (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलचे) जाड ३५चे टायर घाला, पंक्चर विसराल. पावसाळा तोंडावर आलाय, काय करू?

दोघांचंही ऐकू नका. फ्रेममध्ये बसत असेल तर २८ मिलिमीटरचा, पंक्चररोधक पट्टा असलेला गुळगुळीत टायर घ्या. बसत नसेल तर त्याच जातीचा २५चा घ्या. शिवाय सध्या तुम्ही टायरमध्ये भरताय ती हवा बहुधा गरजेपेक्षा बरीच जास्त आहे, ती कमी करा. उत्तर एवढंच आहे, पण कारणांसकट सांगतो. वीस वर्षं पुण्यात सायकल चालवताना आणि ओळखीपाळखीच्यांच्या सायकली दुरुस्त करताना पाहिलंय की, नव्या माणसाची सायकल गॅलरीत जाऊन बसते ती बहुधा दोनच कारणांनी. एकतर तो तीन-चारदा घरापासून लांब अडकलेला असतो, नाहीतर ओल्या वळणावर एकदा जोरात पडलेला असतो. दोन्हींचा संबंध टायरशी येतो.

टायर घ्यायच्या आधी त्या चार पंक्चरांची चौकशी करा. जुन्या ट्यूबा ठेवल्या असतील तर काढा, थोडी हवा भरा आणि भोक नेमकं कुठे आहे ते बघा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर खड्ड्याच्या कडेवर आदळून ट्यूब रिममध्ये चेमटली आहे. हवा फार कमी होती किंवा टायर रस्त्याच्या मानाने अरुंद होता. भोक आतल्या अंगाला, म्हणजे स्पोकच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे किंवा फाटली आहे. हे पंक्चर जगातला कुठलाच टायर थांबवणार नाही, पण टेप बदलली की ते कायमचं बंद होतं. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पंप लावताना-काढताना व्हॉल्व्ह तिरका ओढला जातोय. आणि टायरचा जो भाग रस्त्यावर फिरतो त्याच्या बरोबर खाली टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक असेल, तर बाहेरून काहीतरी घुसलंय.

माझा अंदाज या शेवटच्या प्रकाराचा आहे. त्यातही चारांपैकी दोन-तीन पंक्चर एकाच तारेची असतील, असं मला वाटतं. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या हायवेच्या कडेला पडून राहतात आणि त्यांतल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे रस्त्यावर पसरतात. कोथरूडहून खडकवासल्याला जाताना तुम्हाला बायपास ओलांडावाच लागतो. केसाहून थोडी जाड, जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर लांब अशी ही तार टायरमध्ये शिरते आणि तिथेच बसते. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागेलच असं नाही. आपण ट्यूब बदलतो, हवा भरतो, घरी येतो आणि दोन दिवसांनी टायर पुन्हा बसलेला. वाटतं, नवं पंक्चर. पण आधीचीच तार नव्या ट्यूबमध्ये शिरलेली असते.

यावर एक सवय लावून घ्या. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवा. पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा, टायरवरही नावापासून तेवढंच अंतर मोजा. ट्यूब काढताना उलटसुलट झाली असेल म्हणून दोन्ही बाजूंना बघा. मग टायर तिथे बाहेरच्या बाजूला दुमडून उजेडात धरा. आतून कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवला की तार धागा पकडते. नेलकटरने किंवा बारीक चिमट्याने ओढून काढा. तार हातात आल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, मग त्यासाठी रस्त्याकडेला पंधरा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. गावाकडच्या रस्त्यांवर तारेच्या जोडीला बाभळीचा काटा असतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत बारामती-फलटणकडे गेलात तर बैलांच्या नालांचे खिळेही. डांबराची अगदी कडेची पट्टी सोडून हातभर आत चालवलं तर यातलं बरंच टळतं, कारण वाहनांच्या चाकांनी उडालेला कचरा कडेलाच साठतो.

आता मापाचं. टायरच्या बाजूवर ७००×२५सी असं लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत २५-६२२ असंही. भरवशाचा तो दुसरा आकडा. २५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी आणि ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. सातशे हा जुन्या फ्रेंच पद्धतीतला ढोबळ आकडा आहे, प्रत्यक्षात काहीही बरोबर सातशे भरत नाही. तुम्हाला टायर हवा तो ६२२चाच. हे सांगतो कारण पेठेतल्या जुन्या दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितलात तर आजोबांच्या काळ्या सायकलचा २८×१ १/२ इंची टायर हातात येऊ शकतो. त्याचा व्यास ६३५ असतो, तो तुमच्या रिमवर सैल पडतो. दुकानात ‘सातशे-अठ्ठावीस’ म्हणा आणि ६२२ वाचूनच पैसे द्या. ट्यूबही त्याच मापाची घ्या. तुमच्याकडच्या ट्यूबच्या खोक्यावर १८–२५ लिहिलेलं असेल तर ती २८मध्ये ताणली जाऊन पातळ होते, २५–३२ची वेगळी मिळते.

रुंद टायर म्हणजे हळू सायकल, हा समज आमच्या पिढीने मनापासून पाळला. पंधरा वर्षांपूर्वी टूर द फ्रान्समध्येसुद्धा २३चे टायर सर्रास होते, तेव्हा आम्हीही तेच घेतले. आता तेच व्यावसायिक स्वार २८ आणि ३०वर पळतात. कारण समजायला सोपं आहे. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. या दबण्या-उठण्यात रबर आणि आतले धागे तुमच्या पायांची थोडी शक्ती खातात. हवा सारखीच ठेवली तर रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा आणि आखूड असतो, अरुंदाचा लांबट. लांबट भाग म्हणजे टायर जास्त खोल दबतो, म्हणजे शक्तीही जास्त जाते. रुंद टायरमधली हवा कमी केली की हा फायदा काहीसा घटतो, पण त्या बदल्यात दुसरा मिळतो. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उडवतो. ती शक्ती पुढे न जाता तुमच्या मनगटांत, खांद्यांत आणि पाठीत जिरते. पानशेतच्या रस्त्याचे जिथे ठिगळं मारलेले पट्टे आहेत, तिथे २३वर ११० आणि २८वर ७० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) अशी एकदा चालवून बघा. दुसऱ्या खेपेला तुम्ही जास्त वेगात असाल आणि शरीर कमी दुखेल.

हवेबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे, त्याला कारण आहे. २००९च्या जूनमध्ये पहिल्या सरीनंतर मी कात्रजचा जुना घाट उतरत होतो. टायर २३चे, हवा १२० पीएसआय, कारण टायरच्या बाजूवर तेवढी लिहिलेली होती आणि ‘फुल्ल मारा’ असंच सगळे सांगायचे. एका साध्या वळणावर, फार वेग नसताना, मागचं चाक सरकन बाजूला गेलं. कॉलरबोन मोडलं, सायकल तीन महिने उभी होती. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते हे खरं, पण दगडासारखा कडक टायर त्या ओल्या खडबडीवर टेकण्याऐवजी उड्या मारत होता, हेही खरं. बाजूवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते. तुमचं वजन आणि तुमचा रस्ता त्या छापणाऱ्याला माहीत नसतात.

तुमचं ६८, सायकल, बाटल्या, पाठीवरचं सामान मिळून ८० किलो धरू. यातला जास्त भार मागच्या चाकावर येतो, म्हणून मागे नेहमी पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा. २८च्या टायरला पुढे ६२ ते ६५, मागे ७० पीएसआयने सुरुवात करा. २५च असतील तर पुढे ७५, मागे ८२च्या आसपास. पावसात दोन्हीकडे पाचेक पीएसआय कमी. दर आठवड्याला दोन-तीन पीएसआयने खालीवर करून बघा. खड्ड्यात रिम ठक्कन वाजायला लागली किंवा उभं राहून पेडल मारताना सायकल डुचमळायला लागली, तर खाली जास्त आलात. हात झिणझिणत असतील तर अजून वर आहात. हे आकडे गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर वाचायचे आहेत, अंगठ्याने दाबून कळत नाहीत. ६० आणि १०० पीएसआयचे टायर अंगठ्याला जवळजवळ सारखेच कडक लागतात. म्हणून टायरच्या आधी गेज असलेला उभा पंप घ्या. साध्या ट्यूबमधून हवा रोज थोडी झिरपते, तेव्हा दर फेरीआधी नाहीतर निदान दोन दिवसांतून एकदा बघायचीच.

एक हिशोब करून बघितलात तर गंमत वाटेल. हवेचा दाब गुणिले टेकलेली जागा म्हणजे जवळपास चाकावरचा भार. ८० किलो आणि वरचे आकडे घेऊन मांडलं तर दोन्ही चाकांची मिळून जमिनीला टेकलेली जागा साधारण १७ चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे एका काडेपेटीएवढी. सिंहगडाच्या वळणांवर तुम्हाला रस्त्याशी धरून ठेवणारं एवढंच असतं. यासाठीच मी गिअर आणि सीटच्या आधी टायरवर पैसे घालायला सांगतो.

उन्हाचंही सांगून ठेवतो. सकाळी २५ अंशांत ८० पीएसआय भरून सायकल गाडीच्या डिकीत ठेवलीत आणि आत ५० अंश झाले, तर तीच हवा ८८च्या घरात जाते. फुटण्याइतकं हे नाही, पण काठोकाठ भरायची सवय असेल तर नडतं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनेही शक्यतो भरू नका. आपली ट्यूब इतकी लहान असते की दोन सेकंदांत हवा कुठल्या कुठे जाते. आणि तुमचा व्हॉल्व्ह प्रेस्टा म्हणजे बारीक, वर छोटी चक्री असलेला असेल तर त्याची नळी त्यावर बसतच नाही. पितळी ॲडॅप्टर मिळतो, तो एक सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. अडचणीत मोटारसायकलवाल्याचा पंपही चालतो.

२८ बसेल का, हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. घरच्या ॲलन कीच्या संचातली ४ मिलिमीटरची की घ्या. चाक सरळ बसवा, टायरमध्ये हवा पुरेशी भरा आणि की पाच ठिकाणी घालून बघा: पुढच्या ब्रेकच्या खाली, फोर्कच्या माथ्याखाली आणि आतल्या बाजूंना, मागच्या ब्रेकखाली, सीटट्यूबजवळ, आणि मागच्या चाकाशी पेडलजवळ फ्रेमचे दोन दांडे जिथे जवळ येतात तिथे. आताच्या २५ला जिथे ही की सैलपणे जाऊन वर दीड-दोन मिलिमीटर आणखी उरतात, तिथे २८ बसतो. उंचीही वाढते, नुसती रुंदी नाही, हे लोक विसरतात. तुमच्या सायकलच्या काळातल्या बऱ्याच रिम ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यात २८ जातो, जुन्यांत २५वरच संपतं. जागा अगदी काठावर असेल तर घालू नका. पावसात टायरला चिकटलेली चिखलातली एक खडी फ्रेम खरवडत जाते, आणि पुढच्या चाकात अडकली तर चाक जागीच थांबवते.

रिमची आतली रुंदीही बघावी लागते. ती १५ मिलिमीटर असेल तर २८चा टायर छापल्यापेक्षा अंमळ अरुंद भरतो, २१ असेल तर २९-३०पर्यंत फुगतो. रिमवर ६२२×१७ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो शेवटचा आकडा आतली रुंदी. पुढेमागे नवी चाकं घ्याल तेव्हा ती हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवणारा आतला वाक नसलेल्या रिमची आहेत का ते विचारा. असतील तर त्यांवर ट्यूबलेस (ट्यूबशिवाय चालणाऱ्या) जातीचाच टायर चालतो आणि ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते.

मग हायब्रिडचे जाड टायर का नकोत? एक तर ३५ तुमच्या फ्रेममध्ये जाणार नाही. दुसरं म्हणजे पंक्चररोधकपणा फुकट मिळत नाही. उत्तम रेसिंग टायर आणि सगळ्यात चिलखती टायर यांच्यात ताशी ३० किलोमीटरच्या आसपास दोन्ही चाकांचा मिळून पंधरा-वीस वॅटचा फरक पडतो. नवा स्वार तासभर १२० ते १५० वॅट लावत असतो, त्यातले एवढे रबरात गेले तर प्रत्येक रविवारी चढ उगाच लांब वाटेल. शिवाय असले टायर बहुतेकदा कडक रबराचे असतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते.

मधली जात घ्या. व्हिटोरियाचा रुबिनो, श्वाल्बेचा ड्युरानो, काँटिनेंटलचा ग्रँड स्पोर्ट या वर्गातलं जे तुमच्या दुकानात २८मध्ये ताजं मिळेल ते. काँटिनेंटलचा ग्रँड प्रिक्स ५००० अप्रतिम पळतो, पण त्याची किंमत आणि त्याची पातळ बाजू बघता पहिल्या वर्षी मी तो घ्यायला सांगणार नाही. काँटिनेंटलचाच चिवट गेटरस्किन हायवेच्या लांब ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी पुष्कळ लोक वापरतात. तुमच्या घाटातल्या पावसाळी रविवारसाठी तो माझी पहिली पसंती नाही. कडेत पोलादी तार असलेल्याऐवजी घडी होणाऱ्या कडेचा टायर मिळाला तर थोडे जास्त द्या. वजन कमी असतंच, पण बहुधा आतले धागेही बारीक असतात आणि टायर जास्त लवचिक असतो. टीपीआय म्हणजे इंचामागे धागे. एकच कंपनी ६० आणि १२०मध्ये तोच टायर देत असेल तर १२०चा जास्त मऊ चालतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नका. काही जण एकावर एक आलेले थर मिळून मोजतात.

नक्षी नको का, हा पावसाळ्यातला ठरलेला प्रश्न. नको. मोटारीचा रुंद टायर पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. सायकलचा टायर इतका अरुंद आणि त्यातला दाब इतका जास्त असतो की आपल्या वेगाला तो पाणी कापून खाली पोचतोच. डांबरावर पकड रबराच्या मऊपणातून येते, खाचांतून नाही. ओल्यात घसरवणाऱ्या जागा वेगळ्याच आहेत: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पुलांचे पोलादी सांधे, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. त्यांवर कुठलाच टायर धरत नाही. तिथे ब्रेक आधी मारायचा आणि सायकल सरळ ठेवून जायचं.

ट्यूबलेस सध्या नको. भोक बुजवणारं आतलं द्रव आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी ते बघून भरावं लागतं, आणि मोठा चिरा पडला तर चिकट हातांनी शेवटी ट्यूबच घालावी लागते. आधी साधी ट्यूब रस्त्यात दहा मिनिटांत बदलता येऊ दे. घरी हॉलमध्ये तीनदा करून बघा, मागचं चाक धरून.

दोन्ही टायर एकदम घेणं परवडत नसेल तर एकच घ्या आणि तो पुढे घाला. मागचा टायर दुपटीहून जास्त वेगाने झिजतो, त्यामुळे लोक नवा टायर मागे घालतात. पण मागचा फुटला किंवा घसरला तर सायकल बहुतेक वेळा सावरता येते, पुढचा गेला तर हाती काही उरत नाही. नवा पुढे, पुढचा मागे, मागचा बाद, असा क्रम ठेवा. बाद केव्हा करायचा? मधला भाग चपटा पट्टा झाला, धागे दिसायला लागले, बाजूला बारीक भेगांचं जाळं आलं किंवा एखाद्या कापातून ट्यूबचा फुगा डोकावला की. काही टायरांवर झीज दाखवणारे दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की वेळ झाली. बाद टायर फेकण्याआधी त्याच्या बाजूचा दोन बोटं रुंद, चार बोटं लांब तुकडा कापून सीटखालच्या पिशवीत ठेवा. रस्त्यात टायर चिरला तर ट्यूब आणि चिरेच्या मध्ये तो लावून, हवा थोडी कमी ठेवून घरापर्यंत येता येतं.